हिरकणीला शेजारीण हवी होती

मराठीत बाई पळाली की ती पळून जाते. निदान आमच्या लहानपणी तरी या क्रियापदाला स्त्रीच्या बाबतीत दुसरा अर्थ असल्याचे फारसे ऐकिवात नव्हते. त्या मानाने 'धावणे' सभ्य. देव धावतो, संकटात शेजारी धावून येतात आणि आई तर दिवसभर धावतच असते. पण यातही एक मेख आहे. आई धावते ती नेहमी कोणाकडे तरी किंवा कोणासाठी तरी. पोर पडले, दूध उतू गेले, शाळेची रिक्षा येऊन उभी राहिली, की ती धावते. पायात बूट घालून, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, पाच किलोमीटर जाऊन पुन्हा आपल्याच दारात येण्यासाठी धावणारी आई भाषेच्या कोणत्या खान्यात बसवायची, हे मराठी शिकवण्यावर पोट भरत असूनही मला अजून नीटसे उमगलेले नाही.

आमच्या वऱ्हाडी बोलीने मात्र हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला आहे. वाशीमला पहाटे साडेपाचच्या सुमारास आम्ही सात-आठ जणी रस्त्याने धावत असतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, हे वाचकांना ठाऊक असेलच. गोठ्याकडे निघालेल्या एका आजीबाईंनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला अडवले. "काऊन पयता वो माय? मांगं कोनी लागलं काय?" आमच्यातली एक हजरजबाबी. ती न थांबता म्हणाली, "हो ना आजी, वय लागलं मांगं!" आजीबाईंनी क्षणभर विचार केला आणि हात वर करून आशीर्वाद दिला, "मंग पया बाप्पा, पया!"

आम्ही म्हणजे सगळ्या आया. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एक परिचारिका, एक बँकेत, एक घरी शिवणकाम करणारी, एकीची खानावळ, एकीच्या घरी शेती. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत ही शेवटची पंधरा-पंधरा दिवस दिसत नाही. सर्वांत लहान मूल दीड वर्षाचे, सर्वांत मोठा मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. आमच्या या मंडळाला नाव नाही, अध्यक्षा नाही आणि वर्गणीही नाही. कदाचित म्हणूनच ते टिकले असावे. एकबुर्जीच्या तलावातून वाशीमला पिण्याचे पाणी येते. सुट्टीच्या दिवशी आमची मजल त्या बाजूला जाते, एरवी गावातल्याच रस्त्यांवर भागते. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे जातो तेव्हा साडेपाचचे पाच होतात, इतकेच.

धावण्याचे तंत्र मी इथे सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक पुरुष आहेत. सकाळी दोन तास घराबाहेर राहिले तरी ज्यांचा चहा कोणीतरी करून ठेवते, अशांनी लिहिलेली वेळापत्रके आमच्या कामाची नाहीत. आमचा प्रश्न पायांचा नव्हताच, तो तासाचा होता. पहाटेचा तो एक तास मोकळा कसा करायचा? केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी करून लोकांचा दिवस कशात जातो हे मोजले. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. त्यातही हे काम करणारे पुरुष थोडे. मुलांचे आणि आजाऱ्यांचे पाहणे यात धरलेले नाही, ते वेगळे मोजले आहे. हे आकडे मी आमच्यात वाचून दाखवले तेव्हा खानावळवाली म्हणाली, "मॅडम, सरकारनं घड्याळ लावून मोजलं, आपन तं नुसतं कंबर धरून मोजतो."

तो तास आम्ही मिळवला तो पाळीने. दीड वर्षाच्या बाळाची आई पहाटे बाहेर पडायची म्हणजे बाळ उठले तर काय? नवरा रात्रपाळीवर. सासू-सासरे गावी. तेव्हा ठरले असे, की रोज एकीने धावायचे नाही. तिने त्या घरी जाऊन बसायचे. बरोबर वाचायला काही न्यावे, नाहीतर भाजी निवडावी. बाळ उठले तर घ्यावे. दुसऱ्या दिवशी दुसरीची पाळी. म्हणजे सात जणींत प्रत्येकीचा आठवड्यातून एक दिवस बुडतो आणि एकीचे सहा दिवस वाचतात. हिशेब व्यापाऱ्याच्या दृष्टीने अगदीच कच्चा आहे, कारण ज्यांची मुले मोठी झाली त्यांना यात परतफेड काहीच नाही. पण परतफेडीचा विषय अद्याप कोणी काढलेला नाही. आमच्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळला काळविटांचे अभयारण्य आहे. काळविटाची मादी पाडसाला उंच गवतात लपवून चरायला जाते आणि ते पाडस ती येईपर्यंत हलत नाही. आमची पाडसे हलतात, म्हणून ही पाळी.

या पाळीचे महत्त्व माझ्या नीट ध्यानात आले ते वर्गात. हिरकणीची कथा आपण सर्वांनीच शाळेत ऐकली आहे. कोजागिरीला रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्य मावळताच बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत तान्हे बाळ, आणि काळोखात उभा कडा उतरून गेलेली आई. शिवाजी महाराजांनी तिथे बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले, असे कथा सांगते. महाराष्ट्रातल्या एस. टी. स्थानकांवर तान्ह्या मुलांना पाजण्यासाठी ज्या खोल्या झाल्या, त्यांनाही 'हिरकणी कक्ष' असेच नाव आहे. लोककथांचा तास चालू होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तिच्या शेजारी कोणी राहत नव्हतं का?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. प्रश्न अगदी रास्त होता. तिच्या वाडीत एखादी लेकुरवाळी शेजारीण असती, तर तिने ते बाळ रात्रभर आपल्या छातीशी धरले असते, हिरकणी सकाळी दरवाजे उघडल्यावर रिकामी घागर घेऊन सावकाश घरी आली असती, आणि रायगडाला एक बुरूज कमी पडला असता. आईच्या धैर्याचे आपल्याला मोठे कौतुक आहे. त्याचे बुरूज बांधायला आपण नेहमी तयार असतो. शेजारणीचा बुरूज मात्र मी कुठे पाहिलेला नाही.

आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी बारामतीजवळ जाऊन राहिलेल्या लता भगवान करे यांची हकीकत याच जातीची. मोलमजुरी करणारे कुटुंब, साठी ओलांडलेल्या लताबाई, पती आजारी आणि त्यांच्या तपासणीला पैसे नाहीत. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती, तिला बक्षीस होते. लताबाई नऊवारी नेसून उतरल्या, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या वर्षीही त्या धावल्या आणि जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्या जीवनावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या कामाचा विशेष उल्लेख झाला. हा सन्मान त्यांना शोभतो. तरी ती बातमी आठवली की माझ्या मनात एक कुसळ राहते. म्हातारपणी अनवाणी धावून बक्षीस मिळवणे ही बातमी झाली. तपासणीला पैसे नसणे ही बातमी नव्हती, कारण ते घरोघरी आहे. लताबाई धावल्या त्या, भाषेच्या जुन्या नियमाला धरून, कोणासाठी तरी.

आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा स्टामाटा रेविथी नावाची एक गरीब ग्रीक बाई मॅरेथॉन गावी येऊन दाखल झाली. तिचे एक मूल आदल्या वर्षी दगावले होते, दुसरे सतरा महिन्यांचे होते. आपण ही शर्यत धावलो, नाव झाले, तर कुठेतरी काम मिळेल आणि या मुलाचे बरे होईल, एवढाच तिचा हेतू. पुरुषांच्या बरोबर तिला धावू दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती एकटीच निघाली. निघण्यापूर्वी मात्र तिने एक शहाणपण केले. गावच्या शाळामास्तरांच्या, न्यायाधीशाच्या आणि नगराध्यक्षाच्या सह्या घेतल्या, की ही बाई अमुक वेळेला इथून निघाली. साडेपाच तासांनी अथेन्सला पोचल्यावर तिथे भेटलेल्या अधिकाऱ्यांच्याही सह्या घेतल्या. क्रीडांगणात तिला प्रवेश मिळाला नाही तो नाहीच. पण त्या सह्यांचा विचार मी पुष्कळदा करते. एकट्या बाईने धावले तर ते धावणे खरे ठरायला साक्षीदार लागतात, हे त्या बाईला न शिकवता कळले होते. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ मध्ये, म्हणजे रेविथीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. मधल्या काळात १९२८ साली स्त्रियांना आठशे मीटर धावू दिले, तर त्या दमून पडल्या असा एवढा गवगवा झाला की ती शर्यतच काढून टाकली आणि १९६० पर्यंत पुन्हा घेतली नाही. दमून पुरुष पडत नसावेत.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कून या तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईने चार सुवर्णपदके मिळवली. शंभर मीटर, दोनशे मीटर, ऐंशी मीटरची अडथळ्यांची शर्यत आणि चौघींची रिले. वर्तमानपत्रांनी तिला 'उडती गृहिणी' म्हटले. सामन्यांपूर्वी तिला पत्रे येत, की मुले टाकून अर्ध्या चड्डीत धावायला जाताना लाज वाटत नाही का? हीच पत्रे आज हॉलंडऐवजी वाशीमच्या पत्त्यावर आणि पत्राऐवजी भ्रमणध्वनीवर येतात, मजकुरात फारसा फरक नाही. दोनशे मीटरच्या उपांत्य फेरीपूर्वी ही बाई मुलांच्या आठवणीने रडू लागली आणि घरी जाते म्हणाली. तिचा शिक्षक तिचा नवराच होता, त्याने समजूत घातली. सामने संपवून ती अ‍ॅमस्टरडॅमला परतली, तेव्हा चार पांढऱ्या-करड्या घोड्यांच्या गाडीतून तिची मिरवणूक निघाली. मला त्या मिरवणुकीपेक्षा शेजाऱ्यांनी दिलेली भेट जास्त आवडते. त्यांनी तिला एक सायकल दिली. म्हणाले, आता इतके धावू नकोस बाई!

शेजारी असे असावेत. पण भेट म्हणून आलेली सायकल ही धावून झाल्यानंतरची गोष्ट आहे. आधी येणारी शेजारीण हवी. तशीही उदाहरणे आता सापडतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मेल बाऊंड नावाच्या एका आईने २०१४ साली सहज विचारणा केली, की संध्याकाळी माझ्याबरोबर पळायला कोणी येता का? एकटीने जायची तिची हिंमत होत नव्हती, एखादी सोबतीण मिळाली तरी पुरे होते. आल्या सत्तरांवर. त्या सगळ्या इतके दिवस आपापल्या घरात हाच विचार करीत बसल्या होत्या. त्यातून पुढे मोठा गोतावळा झाला. आपल्याकडे मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी २०१२ साली मुंबईत 'पिंकॅथॉन' ही केवळ स्त्रियांची दौड सुरू केली, मग ती इतर शहरांत गेली. तान्ही मुले पोटाशी बांधून चालणाऱ्या आया तीत असतात, दुसरीचा हात धरून धावणाऱ्या अंध स्त्रियाही असतात. याच मिलिंद सोमणांच्या आई, उषाबाई सोमण, २०१६ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्या असताना, महामार्गावर मुलाच्या जोडीने साडी नेसून अनवाणी धावताना साऱ्या देशाने पाहिल्या. लेकाने आईला सोबत करावी, हेही मैत्रीतच जमा धरायला हरकत नाही.

साडीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मुंबईच्या क्रांती साळवी यांनी २०१८ मध्ये बर्लिनची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटरहून अधिक अंतर, नऊवारी नेसून ३ तास ५७ मिनिटे ७ सेकंदांत पुरी केली आणि साडीतल्या वेगाचा जागतिक विक्रम केला. आमच्यात यावर दोन तट आहेत. शिक्षिकाबाई म्हणतात, बघा, साडीत पळता येते, मग घरी भांडण कशाला? परिचारिका म्हणते, त्यांनी हौसेने नेसली, मी धाकाने का नेसू? माझा कल परिचारिकेकडे आहे. तूर्त आमच्यात सलवार-कमीज आहे, नवऱ्याची जुनी विजार आहे आणि वर ओढणी घट्ट बांधून घेण्याची पद्धत आहे. कुत्र्यांसाठी एकीच्या हातात काठी असते. पळणाऱ्या माणसाच्या मागे लागावे हा कुत्र्यांचा धर्मच आहे, त्यांना आपण दोष देऊ नये.

परिचारिका आमच्यात नसती तर आम्ही निम्म्या जणी पहिल्याच महिन्यात घरी बसलो असतो. बाळंतपणानंतर शरीराची जी मोडतोड होते तिच्याबद्दल आपल्या घरांत डिंकाच्या लाडवांपलीकडे बोलणे होत नाही. सव्वा महिना झाला की बाई कामाला जुंपायला मोकळी. ब्रिटनमधल्या तीन तज्ज्ञांनी २०१९ साली एक मार्गदर्शिका काढली, तिच्यात म्हटले आहे की बाळंतपणानंतर निदान तीन महिने धावू नये, आणि नंतरही ओटीपोटाखालच्या स्नायूंना आधी बळ आणावे. शिंकताना, हसताना, धावताना लघवीचे थेंब जातात ही तक्रार किती जणींची असते! आमच्यात ती पहिल्यांदा उच्चारली गेली तेव्हा धावणे थांबले होते आणि आम्ही पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. एकीने मान खाली घालून सांगितले. मग दुसरी म्हणाली, मलाही. मग तिसरी. मोठा मुलगा एकवीस वर्षांचा असलेली बाई म्हणाली, "एकवीस वरसं झाले, मले वाटे मले एकटीलेच हाय." तिने हे आपल्या आईला सांगितले नव्हते, बहिणीला नव्हते, डॉक्टरांना तर नव्हतेच. परिचारिकेने तिथेच कठड्यावर व्यायाम सांगितला, जो बसल्या जागी करता येतो आणि करणारीखेरीज कोणाला कळत नाही. हल्ली सिग्नलला, बँकेच्या रांगेत, कीर्तनात आम्ही तो करतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के. अर्ध्याहून जास्त! धाप लागते ती वयाने की रक्ताने, हे कळायला तपासणी लागते. परिचारिकेच्या आग्रहाने आम्ही सगळ्या एकाच दिवशी जाऊन तपासून आलो. एकटी गेले असते तर मी तो दिवस पुढे ढकलला असता. तिघींचे रक्त कमी निघाले आणि तिघींना त्याचा थांगपत्ता नव्हता. खानावळवालीचे सर्वांत कमी. दिवसाला चाळीस माणसांना जेवू घालणारी बाई स्वतः उभ्याने काय खाते याची चौकशी तेव्हापासून रोज धावताना होते. खोटे सांगता येत नाही. खोटे बोलायला दम लागतो.

बोलण्याने आणखी काय होते याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. अ‍ॅलिशिया मोंटानो ही आठशे मीटरची धावपटू २०१४ साली आठव्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेत धावली होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या पोटाच्या घेराचे कौतुक करणाऱ्या कंपन्या बाळंतपणात पैसे कापतात, हे तिने २०१९ च्या मे महिन्यात वर्तमानपत्रात लिहिले. दहा दिवसांत अ‍ॅलिसन फीलिक्सने लिहिले. फीलिक्सपाशी ऑलिंपिकची सहा सुवर्णपदके होती, तिची मुलगी आदल्या नोव्हेंबरमध्ये दिवस भरण्याआधी जन्मली होती, आणि नायकी कंपनी तिला पूर्वीपेक्षा सत्तर टक्के कमी पैसे देऊ करीत होती. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीने करारातली अट बदलली. बाळंतपणाच्या आगेमागे अठरा महिने धावपटूचे पैसे कापायचे नाहीत, असे ठरले. फीलिक्स त्यावरच थांबली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या वसाहतीत मुलांसाठी पाळणाघर उघडले, त्यामागे तिचा पुढाकार होता. सात सुवर्णपदकांची मानकरी बाई निवृत्तीनंतर जे मागते ते शेवटी पाळणाघर असते! मी हे आमच्यात सांगितले तेव्हा दीड वर्षाच्या बाळाची आई म्हणाली, "आपलं तं पह्यलेपासूनच हाय नं मॅडम."

आहे खरे, पण या श्रावणात त्याची परीक्षा झाली. आमच्यातल्या शिवणकाम करणारीच्या सासूबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ही सून आमच्यात सर्वांत चपळ. एरवी मशीनवर वाकून वाकून पाठ धरते म्हणून धावायला आलेली, आणि दोन वर्षांत पाठदुखी विसरलेली. ती यायची बंद झाली. पहिले आठ दिवस आम्ही फोन केले. ती म्हणे, बरं आहे. 'बरं आहे' या दोन शब्दांइतके पोकळ वाक्य मराठीत दुसरे नाही. नवव्या दिवशी आम्ही मार्ग बदलला आणि तिच्या गल्लीतून गेलो. ती अंगणात चादरी पिळत होती. पहाटेचे पावणेसहा. रात्रीतून तीन वेळा बदललेल्या चादरी.

सासूबाईंची आणि आमची जुनी ओळख होती, ती काही प्रेमाची नव्हती. "घरात कामं काय कमी हायेत, का हे रस्ते मोजाले चालल्या?" हे त्यांचे वाक्य आम्हाला पाठ होते. एकदा तर त्यांनी सुनेचे बूट लपवून ठेवले होते. त्यामुळे त्यांच्या घरी पाळी लावावी का, यावर आमच्यात सरळ सरळ वाद झाला. बँकवाली म्हणाली, चादरी धुवायला आपण मदत करू, पण म्हातारीपाशी बसणार कोण? तिला आपले तोंड पाहवत नाही. यावर शेतकरीण म्हणाली, "आता ते काय बोलनार हाय?" हे जरा क्रूर होते, पण वाद मिटला.

परिचारिका आधी एकटी गेली. दोन-दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुठे पाहायचे, लुळा हात कसा हलवत राहायचा, हे तिने सुनेला आणि मुलालाही शिकवले. मुलाला शिकवणे महत्त्वाचे, कारण तोवर तो दारात उभा राहून नुसता रडत असे. मग पाळी लागली. एकीने बाळापाशी, एकीने सासूबाईंपाशी. म्हणजे रोज दोघी बुडणार. पाच-सहा जणीच धावायच्या उरल्या. धावण्यासाठी निघालेल्या बायांचा धावण्याचा वेळ असा कमी होत चालला आहे. बाहेरून कोणी पाहिले तर याला काय म्हणेल कोण जाणे!

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी घाबरलेली होते. काय बोलावे कळेना, म्हणून बरोबर नेलेले वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले. पिकांचे भाव, निधनवार्ता, आरक्षित गाड्यांचे वेळापत्रक. निधनवार्ता आल्यावर सासूबाईंनी डावा हात हलवला. थांबा म्हणताहेत असे समजून मी थांबले, तर त्या रागावल्या. पुन्हा वाचायचे होते. त्यांच्या माहेरच्या गावचे कोणी गेले होते. तेव्हापासून वर्तमानपत्र हा नेम झाला. शिक्षिकाबाई त्यांना पाटीवर डाव्या हाताने अक्षरे गिरवायला लावतात. पहिलीच्या वर्गाची त्यांना सवयच आहे. सून परत धावू लागली. पहिल्या दिवशी ती एक किलोमीटरही न जाता रस्त्याच्या कडेला बसली आणि हुंदके देऊन रडली. आम्ही उभ्या राहिलो. कोणी काही बोलले नाही, काठीवालीने कुत्रे हाकलले. मग ती उठली.

सासूबाईंना अजून बोलता येत नाही. दोन-चार शब्द येतात, त्यांत 'चाय' स्पष्ट आहे आणि एक शिवी अधिक स्पष्ट आहे. पण त्यांच्या खाटेसमोर भिंतीवर घड्याळ आहे. सव्वापाचला सून उठली नाही तर त्या डाव्या हाताने खाटेची लाकडी कड वाजवतात. हे मला सुनेने सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही, म्हणून एका पहाटे मी मुद्दाम लवकर गेले. खरेच वाजवतात. बूट खाटेखालीच ठेवलेले असतात.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान, त्यामुळे त्या दिवशी सुट्टी घ्यावी असे निम्म्या जणींचे म्हणणे, आणि चारलाच निघून साडेपाचला परत यावे असे उरलेल्यांचे. बराच खल होऊन चारवर एकमत झाले आहे. बाळापाशी बँकवाली बसेल. सासूबाईंपाशी माझी पाळी आहे. त्यांना उटणे लावून गरम पाण्याने अंग पुसायचे ते सून परतल्यावर, दोघींनी मिळून. वर्तमानपत्र त्या दिवशी उशिरा येते, म्हणून मी हा दिवाळी अंकच घेऊन जाणार आहे. निधनवार्ता यात नाहीत, त्याबद्दल त्या काय म्हणतात ते बघू.